आउटफिल्डरचं पहिलं पाऊल

त्या खेळाडूचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातली आमची कंपनी लहान आहे. आम्ही मोकळ्या जागेत चारी बाजूंनी कॅमेरे लावतो आणि माणूस कधी हलला, कुठे गेला, किती वेगानं गेला ते मोजतो. त्याआधी बरेच दिवस मी रस्ता ओलांडणाऱ्या वयस्कर लोकांवर काम करत होते. येणारी गाडी पाहून ते पाऊल केव्हा उचलतात, केव्हा मागे घेतात, एवढाच तो अभ्यास होता. मला तो आवडायचा. आमचा मॅनेजर इथलाच, चिनी सिंगापुरी. तो एके दिवशी म्हणाला की अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबला त्यांच्या एका तरुण खेळाडूची पारख करून हवी आहे, आणि हे काम तू कर. मी म्हटलं, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, म्हणूनच.

अमेरिकेत मोठ्या क्लबांचे खालच्या फळीचे संघ असतात. त्याला मायनर लीग म्हणतात. तरुण मुलं तिथे एकेक पायरी चढत वर जातात आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी थांबतात. हा मुलगा बावीस वर्षांचा, आउटफिल्डर. म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाला, गवतात उभा राहून उंच उडालेले चेंडू झेलणारा. त्याची आई सिंगापूरची. हंगाम संपला की तो दर हिवाळ्यात तिच्याकडे आंग मो किओला राहायला यायचा, म्हणून क्लबनं त्याला इथेच तपासून घ्यायचं ठरवलं होतं.

क्लबची खरी अडचण वेगळीच होती. त्यांनी आम्हाला जुने अहवाल पाठवले होते आणि ते एकमेकांशी अजिबात जुळत नव्हते. एका प्रशिक्षकानं लिहिलं होतं की या मुलाला चेंडू कुठे पडणार ते आधीच कळतं, हे शिकवून येत नाही. क्लबच्या एका पारख्यानं लिहिलं होतं की पाय वेगवान आहेत, पण हा मैदानावर झोपलेला असतो, चेंडू उडाल्यावर जागा होतो. दोन्ही अहवाल एकाच हंगामातले. मी ते दोन कागद शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले. दोघंही अनुभवी माणसं होती. दोघांनी पाहिलं ते खरंच असणार, असं मला वाटत राहिलं.

घरी जेवताना मी हे सांगितलं, तर नवऱ्याला फार मजा वाटली. तो तांजोंग पगारला एका बँकेत आहे आणि पुण्यात असताना क्लब क्रिकेट खेळलेला आहे. तो मला लाँग ऑनला उभ्या असलेल्या माणसाच्या अडचणी समजावून सांगायला लागला. मुलगी ताटातून मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, बेसबॉल इज नॉट क्रिकेट लाह."

पहिल्या दिवशी आम्ही शहराच्या पूर्वेकडच्या एका सॉफ्टबॉलच्या मैदानावर जमलो. खेळाडू उंच, सडपातळ, आईसारख्या डोळ्यांचा. आईनं शिकवलं असावं, त्यानं मला पहिल्या वाक्यापासून "आंटी" म्हणायला सुरुवात केली. आम्ही चेंडू उडवायचं यंत्र आणलं होतं, म्हणजे प्रत्येक चेंडू सारख्याच ताकदीनं सुटेल आणि मोजमापात घोळ होणार नाही. तो दूर गवतात उभा राहिला, यंत्र सुरू झालं, आणि तासाभरात आम्हा सगळ्यांची निराशा झाली. चेंडू हवेत गेल्यावर तो क्षणभर नुसता उभा राहायचा. मग धावायचा, आणि पाय इतके वेगवान की पुष्कळ चेंडू झेलायचासुद्धा. पण पहिलं पाऊल उशिरा. मॅनेजर म्हणाला, झोपाळू म्हणणारा बरोबर होता.

मुलानं हळूच विचारलं, बॅटनं मारून घेता येईल का. त्याला यंत्राचा चेंडू "कळत नाही", असं तो म्हणाला. कळत नाही म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना.

दुसऱ्या खेपेला आम्ही एका सॉफ्टबॉल प्रशिक्षकाला बोलावलं. तो बॅटनं चेंडू उंच मारू लागला. आणि मी कॅमेऱ्यांमागे उभी राहून जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. बॅट चेंडूला लागायची आणि हा निघालेला असायचा. आम्ही मान वर करून चेंडू शोधतोय तोवर हा पाठ फिरवून पळतोय, एकदाही वर न बघता. मग एका जागी थांबायचा, वळायचा, हात वर करायचा, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये येऊन पडायचा. भाजी आणायला निघालेल्या माणसासारखा तो निवांत दिसत होता.  आता पहिल्या अहवालातल्या प्रशिक्षकाला काय म्हणायचं होतं ते मला समजलं.

मला वाटलं, कोडं सुटलं. यंत्राला खांदे नसतात, पाय नसतात. हा मारणाऱ्याचं शरीर वाचत असणार. मी तसा कच्चा मसुदासुद्धा लिहून ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. बेसबॉल कळायला लागला होता ना.

तिसऱ्या खेपेला ते सगळं कोसळलं. तोच प्रशिक्षक, तीच बॅट, तोच मुलगा. सुरुवातीचे झेल उत्तम, मग एकाएकी यंत्राच्या दिवसासारखं. उशीर, चुकीच्या दिशेला पाऊल, एक चेंडू तर त्याच्या मागे जाऊन पडला. त्यालाही काही कळेना. तेवढ्यात वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, सगळ्यांनी छपराखाली धाव घेतली आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपलं. मॅनेजरचं म्हणणं पडलं की उकाड्यानं दमला असेल, त्या सकाळची मोजमापं काढून टाक.

काढूनही टाकली असती. पण परत जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली आणि मी सहज त्या सकाळचं चित्रीकरण फोनवर लावलं. ऑफिसात आम्ही ते नेहमी आवाज बंद करून पाहतो. आवाजाचा आम्हाला उपयोगच नसतो. त्या दिवशी मात्र कानात इअरफोन होते आणि आवाज चालू राहिला होता. थोड्याच वेळात कर्रर्र असा कर्कश आवाज सुरू झाला. मैदानाच्या कुंपणापलीकडे कामगार गवत कापायची यंत्रं चालवत होते. ते इथे सतत कुठे ना कुठे चालूच असतं, इतकं की आपल्याला ऐकू येईनासं होतं. मी चित्रफीत मागे नेली, पुढे नेली. यंत्रं सुरू झाली तिथून मुलगा चुकायला लागला होता. मधे कामगार पाणी प्यायला थांबले असावेत, थोडा वेळ शांतता होती, आणि त्या शांततेतले सगळे झेल त्यानं चोख घेतले होते. यंत्रं पुन्हा सुरू, हा पुन्हा उशिरा.

माझं उतरायचं स्टेशन निघून गेलं.

मला एक आजीबाई आठवल्या. आमच्या रस्त्याच्या अभ्यासात त्या यायच्या. त्यांची नजर चांगली होती, पण विजेवरच्या बस आल्यापासून त्या रस्ता ओलांडताना चाचरायला लागल्या होत्या. इतकी वर्षं आपण गाडी बघून नाही, ऐकून ओलांडत होतो, हे त्यांनाच तेव्हा पहिल्यांदा उमगलं होतं. मग या मुलाचंही तसंच असेल का? बॅटचा चेंडूला लागल्याचा आवाज भरीव आला तर चेंडू लांब जाणार, बोथट आला तर जवळ पडणार. समोरून सरळ येणारा चेंडू डोळ्यांना पहिल्या क्षणी नुसता ठिपका दिसतो. कानाला मात्र त्याच क्षणी पुष्कळ काही कळू शकतं. आणि यंत्राचा आवाज प्रत्येक वेळी सारखाच असतो.

पुढच्या वेळी मी बांधकामावरचे कामगार घालतात तसे कान झाकणारे मोठे गोल घेऊन गेले. त्याला ते घालून झेल घ्यायला सांगितलं. त्याला हसू आलं. प्रशिक्षकानं चेंडू मारायला सुरुवात केली आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. काही वेळानं त्यानंच हात वर करून थांबायला सांगितलं. तो चालत आला, ग्लोव्ह काढला आणि बाकावर बसला. मग मला विचारलं, "आंटी, उद्या किती वाजता येऊ?"

त्यानंतर पाणी पिताना तो आपणहून बोलायला लागला. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका शेतीच्या गावात तो वाढला. वडील धान्याचा ट्रक चालवायचे. ते घरी यायचे तेव्हा उजेड जवळजवळ संपलेला असायचा. तरी घराशेजारच्या मोकळ्या रानात ते बॅट घेऊन उभे राहायचे आणि याला चेंडू मारायचे. त्या संधिप्रकाशात चेंडू बॅटवरून सुटताना दिसायचाच नाही, फक्त ऐकू यायचा. दिसायचा तो खाली येताना, डोक्यावर आल्यावर. कुणी त्याला ऐकायला शिकवलं नव्हतं. तेवढंच त्याच्या हातात होतं. वडील तो शाळेत असतानाच वारले आणि काही वर्षांनी आई सिंगापूरला परत आली.

ऑफिसात येऊन मी क्लबचे जुने अहवाल पुन्हा काढले आणि या वेळी वार पाहिले. वाईट अहवाल जवळजवळ सगळे शनिवारचे होते. मॅनेजरनं शोधून सांगितलं की त्या संघांच्या मैदानात एरवी चार टाळकी असतात, पण शनिवारी बँड असतो, आतषबाजी असते, पोराबाळांची झुंबड असते. दोघांनीही खरंच लिहिलं होतं. त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी, एका अर्थानं दोन वेगवेगळे खेळाडू पाहिले होते.

मला मनापासून आनंद झाला. कित्येक दिवसांत असं काही हाती लागलं नव्हतं. पण आनंद ओसरल्यावर लक्षात आलं की हे लिहिलं तर मुलाचं काय होईल. जितकं वर जावं तितकी गर्दी वाढणार, आवाज वाढणार. गजबजलेल्या मैदानात ज्याला चेंडू कळत नाही, त्याला क्लब कशाला वर नेईल? अहवाल क्लबला द्यायचा होता, मुलाला नाही. त्याला आधी सांगावं की नाही, यावर माझी आणि मॅनेजरची बरीच चर्चा झाली. शेवटी त्यानं क्लबला विचारलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही.

मी त्याला मैदानावरच सगळं समजावून सांगितलं. शनिवारचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. त्याला शनिवारचे सामने आठवत होते. त्या दिवशी आपल्याला काय होतं ते कळत नसल्यानं तो दर शुक्रवारी लवकर झोपायचा, खाणं बदलून पाहायचा.

मी म्हटलं, हे अहवालात लिहावं लागेल.

"लिहा, आंटी," तो म्हणाला. "खोटं लिहा असं मी कसं सांगू? पण थोडे दिवस थांबा. आता कळल्यावर मी काय करतो, तेही लिहा."

त्यानंतरचे ते आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे. आम्ही मैदानाच्या कडेला एक मोठा स्पीकर ठेवला आणि त्यावर गर्दीचा गोंगाट लावला. पहिले काही दिवस तो इतका वाईट खेळला की बघवेना. एका रविवारी नवरा उत्सुकतेपोटी बरोबर आला. बराच वेळ तो हाताची घडी घालून बघत राहिला, मग मला म्हणाला, "अगं, हा बॅटकडे बघतच नाहीये. त्याची नजर नुसतीच समोर आहे. कान बंद झाले की त्याच्याकडे काहीच उरत नाही."

मी चित्रीकरणात चेहरा मोठा करून पाहिला. खरं होतं. डोळे उघडे होते, पण मारणाऱ्यावर खिळलेले नव्हते. मी त्याच्यासाठी लहान लहान तुकडे कापले: प्रशिक्षक बॅट फिरवतो तिथपर्यंतच, चेंडू उडायच्या आत चित्र थांबायचं. त्यानं सांगायचं की चेंडू कुठे जाणार. आईच्या घरी, सोफ्यावर बसून, तो हे तासन् तास करायचा. त्याची आई औद्योगिक वसाहतीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात पाळीवर जायची. ती घरी आली की तिलाही तो शेजारी बसवून अंदाज करायला लावायचा. ती कधी कधी जिंकायची, असं तो म्हणाला.

हळूहळू फरक पडला. शांततेत तो जसा होता, तसा गोंगाटात कधीच झाला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तो हरवायचा थांबला. पाऊल पडायला लागलं, आणि बहुतेक वेळा योग्य दिशेला.

अहवाल गेल्यावर क्लबच्या एका म्हाताऱ्या पारख्यानं मला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळ होती, त्याच्याकडे संध्याकाळ. हयातभर गाडीनं गावोगाव फिरून त्यानं मुलं निवडली होती. आपल्या मोजमापांना हा हसणार, अशी माझी तयारी होती. तो हसला नाही. तो म्हणाला की झोपाळू म्हणणारा अहवाल माझाच आहे, आणि तो खरंच शनिवार होता, मागे बँड वाजत होता. मग त्यानं चष्मा काढून पुसला. कान, डोळे, वेग यांबद्दल त्यानं पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला. "हे समजल्यावर त्यानं सगळ्यात आधी काय केलं?"

मी सांगितलं की कान झाकल्यावर त्याचं त्यालाच ते कळलं, तेव्हा तो बाकावर बसला आणि उद्या किती वाजता येऊ म्हणून विचारलं.

"हे अहवालात नाहीये."

मी म्हटलं, ते मोजमाप नाही.

"घाला," तो म्हणाला. "पहिल्या पानावर."

मी घातलं. मॅनेजरनं ते वाक्य वाचलं, भुवया उंचावल्या आणि तसंच ठेवलं.

त्या वसंतात मुलाला एक पायरी वर नेलं. त्यांचे संध्याकाळचे सामने आमच्याकडे सकाळी दिसतात, त्यामुळे ऑफिसला जाताना फोनवर बेसबॉल बघायची मला सवयच लागली. नियम मी असेच गाडीत बसून शिकले. त्यांच्या एका शनिवारी, म्हणजे आमच्या रविवारी सकाळी, मैदान खचाखच भरलं होतं, इतका गोंगाट की समालोचकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. चेंडू उंच उडाला, कॅमेरा त्याच्या मागे गेला, आणि जेव्हा खाली आला तेव्हा हा तिथे आधीच उभा होता. मी घरी सोफ्यावर एकटीच टाळ्या वाजवल्या. नवरा स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आला.

पण बेसबॉलमध्ये नुसतं झेलून भागत नाही, बॅटिंगही करावी लागते. वरच्या पायरीवरचे गोलंदाज फार वेगानं आणि फार फसवं टाकतात. त्याला ते खेळता येईना. मी सामने बघत होते, म्हणून मलाही ते दिसत होतं. तो बाद होऊन परत येताना त्याची चाल दर आठवड्याला जरा अधिक जड व्हायची. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी क्लबनं त्याला सोडून दिलं. त्याचा निरोप आला, दोन ओळींचा. क्लबनं सोडलं, हिवाळ्यात भेटू.

भेटलो आम्ही, आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत. त्याची आई पाळी संपवून आली होती, कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. त्याला एका लहान लीगमध्ये जागा मिळाली होती. त्या लीगचा कुठल्याच मोठ्या क्लबशी संबंध नाही. तिथून क्वचितच कुणी वर जातं, हे त्यानंच सांगितलं. तो खचलेला दिसत नव्हता. दुःखी मात्र होता, आणि ते लपवतही नव्हता. तिथला संघ त्याला शाळकरी मुलांना झेल शिकवायलाही सांगणार होता. त्यांना आधी डोळे मिटून ऐकायला लावू की आधी बघायला, यावर त्यानं माझ्याशी बराच वाद घातला. मग तो आमच्यासाठी काही प्यायला आणायला रांगेत जाऊन उभा राहिला.

तो लांब गेल्यावर त्याच्या आईनं मला विचारलं, "तुम्ही तर त्याचं सगळं मोजलं होतंत. तेव्हाच कळलं होतं का?"

 पळणं आणि झेलणं कळलं होतं, असं मी सांगितलं. बॅटिंग आम्हाला कुणी मोजायला सांगितलीच नव्हती. आणि सांगितली असती तरी पुढे काय होईल ते सांगता आलं असतं, असं मला वाटत नाही.

तिनं मान हलवली. तिला हे उत्तर पुरेसं वाटलं की नाही, कळलं नाही. तिनं माझ्यापुढे आधीच मागवलेला चेंदोलचा, म्हणजे बर्फ घातलेल्या गोड पदार्थाचा, वाडगा सरकवला आणि म्हणाली की बर्फ विरघळायच्या आत खा, नंतर नुसतं नारळाचं दूध उरतं.